दोरीत ओवलेल्या पावांची गोष्ट

पत्र: "आम्ही दोघी बहिणी. मी ५४ वर्षांची, धाकटी ५०. बाबा रेल्वेत गार्ड होते, मिरजेला क्वार्टरमध्ये राहायचो. ड्यूटी नसेल त्या रात्री ते आम्हाला पुस्तकातून एक गोष्ट सांगायचे. एका मुलीला फूल मिळतं. त्याची पाकळी तोडून उडवली की मागेल ते होतं. उडवताना ती काहीतरी म्हणते, त्यात पूर्व-पश्चिम असं काही होतं. मध्येच ती बर्फात जाते, तिथं अस्वलं येतात. मग खेळण्यांनी रस्तेच्या रस्ते भरतात. शेवटच्या पाकळीनं एका लंगड्या मुलाचा पाय बरा होतो. आणि सुरुवातीला दोरीत ओवलेले पाव असतात. बाबा त्यांना 'पावाच्या बांगड्या' म्हणायचे. ते कुत्रा खातो. साल १९७८ च्या आसपासचं असेल. माझ्या मते गोष्ट चांदोबात आली होती. आमची धाकटी बडोद्याला असते. ती म्हणते लंगडा मुलगा बिलगा कुणी नव्हता, आईची फुटलेली फुलदाणी जोडली जाते आणि गोष्ट संपते, बाकीचं तू मनानं रचलंस, तुला सवयच आहे. बाबा आता नाहीत. गेल्या दिवाळीत यावरून असं काही वाजलं की पाडव्यापासून फोन नाही. गोष्ट कुठं मिळेल? आणि खरं कुणाचं?"

ताई,

हे वाचणं इथंच थांबवा. एक कागद घ्या आणि त्या गोष्टीतलं जे जे आठवतंय ते लिहून काढा. पुस्तक केवढं होतं, चित्रात मुलीचा फ्रॉक कुठल्या रंगाचा होता, बाबा कुठल्या ठिकाणी आवाज बदलायचे, सगळं. खाली मी गोष्टीचं नाव सांगणार आहे. एकदा ते कळलं आणि मोबाइलवर चित्रं दिसली, की तुमच्या डोक्यातलं जुनं चित्र गेलंच म्हणून समजा. त्या जागी नवीन चित्र येऊन बसतं आणि वर 'मला हेच आठवत होतं' असंही वाटायला लागतं. तुम्हाला बहिणीशी हिशेब करायचाय, तेव्हा आपली वही आधी लिहिलेली बरी.

लिहिलंत? (नसेल लिहिलं तर निदान फ्रॉकचा रंग तरी मनाशी पक्का करा.)

आता चांदोबाचं बघू. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला आणि तुमच्या-माझ्या वयाच्या माणसाला लहानपणीची कुठलीही गोष्ट चांदोबातलीच वाटते. आजोळचं कुठलंही झाड आंब्याचंच वाटतं ना, तसं. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांतल्या निम्म्याहून जास्त पत्रांत 'बहुधा चांदोबात' हे दोन शब्द असतातच. पण चांदोबाचा अंक नुसता डोळ्यांपुढं आणा. राजा, प्रधान, गावातला सावकार, झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून निघालेला विक्रम, शेवटी दोन फोटोंना नावं द्यायची स्पर्धा. त्या जगात एखादी मुलगी दुकानातून दोरीत ओवलेले पाव घेऊन कशी येईल? मिरजेत पाववाला सायकलवरून यायचा आणि कागदात बांधून द्यायचा. पाव दोरीत ओवलेले मी तरी आपल्याकडं कुठं पाहिलेले नाहीत.

सगळं उत्तर या एका दोरीत आहे. हरवलेली गोष्ट शोधताना लोक तिचा सारांश सांगतात. मुलगी होती, जादू होती, शेवट गोड झाला. असल्या सारांशाच्या गोष्टी हजारांनी आहेत. जे तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं आणि तरी डोक्यात राहिलं, ते सांगा. आपल्या घरात, आपल्या गल्लीत जे बसत नाही तेवढंच धरून ठेवा. बाबांना त्या पावाला मराठी शब्द सापडला नाही म्हणून त्यांना 'पावाच्या बांगड्या' असं म्हणावं लागलं. गोष्ट बाहेरून आली आहे याची तीच खूण.

ते पाव म्हणजे बारांकी. रशियात मैद्याच्या कणकेची कडी करतात, आधी गरम पाण्यातून काढून मग भाजतात आणि दोरीत ओवून विकतात. गोष्ट वालेन्तीन कातायेव यांची, १९४० सालची. हे ओदेसात १८९७ मध्ये जन्मलेले सोव्हिएत लेखक. गोष्टीचं रशियन नाव 'त्स्वेतिक-सेमित्स्वेतिक', म्हणजे सात रंगांचं इवलंसं फूल. इंग्रजीत ती 'रेनबो फ्लॉवर' या नावानं आली.

झेन्या नावाच्या मुलीला आई बारांकी आणायला पाठवते. ती सात कडी घेते: दोन शहाजिऱ्याची बाबांसाठी, दोन खसखशीची आईसाठी, दोन साखरेची स्वतःला, आणि एक छोटंसं गुलाबी कडं धाकट्या भावासाठी, पाव्लिकसाठी. दोरी हातात धरून दुकानांच्या पाट्या वाचत, कावळे मोजत घरी निघते. मागून एक कुत्रं येतं आणि एकेक कडं खात सुटतं. आधी बाबांची, मग आईची, मग तिची. दोरी हलकी लागते म्हणून ती वळून बघते, तोवर गुलाबी कडंही त्याच्या तोंडात असतं. कुत्र्याच्या मागं धावता धावता ती वाट चुकते, रडते, तेव्हा एक म्हातारी तिला आपल्या बागेतलं ते फूल देते. पाकळी फेकताना काय म्हणायचं तेही सांगते. पाकळीनं पश्चिमेकडून पूर्वेला जायचं, उत्तर-दक्षिण करून फेरी मारून परत यायचं आणि जमिनीला टेकताच सांगितलेलं काम करायचं. तुमचं 'पूर्व-पश्चिम' ते हेच.

पुढं हिशेब असा. पिवळ्या पाकळीनं ती बारांकींसकट घरी येते. फुलासाठी आईची आवडती फुलदाणी काढायला जाते, तिथंही खिडकीतून कावळे मोजते आणि फुलदाणी फुटते. लाल पाकळी ती जोडायला जाते. अंगणात मुलं वाळूत फळ्या टाकून 'उत्तर ध्रुव' खेळत असतात आणि हिला घेत नाहीत, म्हणून निळ्या पाकळीनं ही खऱ्याखुऱ्या ध्रुवावर, उन्हाळ्याच्या फ्रॉकमध्ये! समोर सात अस्वलं. हिरवी पाकळी परत यायला. मग इतर मुलींची खेळणी बघून हिला जगातली सगळीच्या सगळी खेळणी हवी होतात, त्यात नारिंगी गेली. खेळण्यांनी अंगण, गल्ल्या, चौक, अर्धं मॉस्को भरतं, ती परत पाठवायला जांभळी. उरते आकाशी. त्या एका पाकळीचं काय करायचं याचा ती बराच विचार करते. चॉकलेट घ्यावं की तीनचाकी सायकल, असं चाललेलं असताना फाटकाजवळच्या बाकावर बसलेला वीत्या तिला दिसतो. 'खेळतोस का' म्हणून विचारते तर तो म्हणतो, मी लंगडा आहे, धावता येत नाही. आकाशी पाकळी त्याच्यासाठी जाते आणि पुढच्या क्षणाला तो असा पळतो की झेन्याला सापडत नाही.

वाळूतल्या त्या फळ्यांविषयी थोडं सांगतो, कारण मला त्या फार आवडतात. ती मुलं काहीतरी खेळायचं म्हणून ध्रुव खेळत नाहीत, ती पापानिन खेळतायत. १९३७ च्या मे महिन्यात इवान पापानिन आणि त्यांचे तीन साथीदार उत्तर ध्रुवाजवळ बर्फाच्या तरंगत्या लादीवर तळ ठोकून राहिले. नऊ महिने ती लादी त्यांना घेऊन दक्षिणेकडे सरकत होती, १९३८ च्या फेब्रुवारीत बोटींनी त्यांना उचललं. त्या देशातली पोरं तेव्हा पापानिन खेळत होती, आपल्याकडं त्र्याऐंशीत गल्लीगल्लीत कपिल देव खेळत होती तशी. तुम्हाला मिरजेत यातलं काही कळायचं कारण नव्हतं, बाबांनाही बहुधा नसेल. अस्वलं मात्र टिकली.

आता तुमच्या भांडणाचं.

तुम्ही काही रचलेलं नाही. वीत्या आहे, गोष्ट त्याच्यावरच संपते. पण धाकटीनंही काही रचलेलं नाही. फुलदाणी फुटते, जोडली जाते, तिचं सगळं बरोबर. फक्त ती दुसरी पाकळी. तुम्ही दोघींनी एकाच गोष्टीची दोन टोकं धरलीत. साल १९७८ म्हणता, तेव्हा तुम्ही सात-आठ वर्षांच्या, धाकटी तीन-चार वर्षांची. बाबा वाचत, मध्ये थांबत, शब्द शोधत सांगत असणार. सात पाकळ्यांना अर्धा तास सहज लागला असेल. तीन-चार वर्षांचं पोर रात्रीच्या वेळी दुसऱ्या पाकळीपलीकडं जागं राहतं का? आमच्याकडं तरी राहिलं नाही. माझा आपला अंदाज असा की तुमच्या बहिणीची गोष्ट रोज फुलदाणीलाच संपायची, कारण ती तिथं झोपायची. तिच्यासाठी तोच शेवट. एकदा नाही, कितीदा तरी ऐकलेला शेवट.

'थांबत, शब्द शोधत' हे मी उगाच लिहिलं नाही. पुस्तक मराठीच होतं असं तुम्ही गृहीत धरलंय, पण पत्रात तुम्ही लिहिता की बाबा 'पुस्तकातून सांगायचे'. वाचून दाखवायचे असं नाही लिहीत. तुम्हाला गोष्ट मराठीत आठवते कारण तुम्ही ती मराठीत ऐकली. छापील अक्षर तुम्ही पाहिलं होतं का? मुखपृष्ठावरचं एखादं अक्षर आठवतंय? तसं काही तुमच्या पत्रात नाही. त्या काळात मॉस्कोची प्रगती प्रकाशनाची पुस्तकं मराठीत यायची, तशी हिंदीत आणि इंग्रजीतही यायची. गावोगावच्या प्रदर्शनांत, मुंबईला लोकवाङ्मय गृहात, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची आणि किंमत अशी की रेल्वेतल्या माणसालाही दोन घ्यावीशी वाटावीत. बाबा मुंबईच्या फेरीत इंग्रजी प्रत घेऊन आले असतील आणि रात्री तिचं मराठी करून तुम्हाला सांगत असतील. 'पावाच्या बांगड्या' हा मला छापील अनुवादकाचा शब्द वाटत नाही. तो घरातला शब्द वाटतो. म्हणून शोध फक्त मराठीत घेऊ नका, तिन्ही भाषांत घ्या.

भाषेनं माझीही एकदा अशीच फजिती केली आहे. लहानपणी ऐकलेली एक गोष्ट मी बरीच वर्षं लोकांना विचारत होतो: बर्फात पडलेला एक मोजा, त्यात आधी उंदीर शिरतो, मग बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. मोजा म्हटलं की आपल्याला पायातला आठवणार. ग्रंथपालही पायातल्या मोज्याची गोष्ट शोधत राहिले. तो निघाला हातमोजा! ती युक्रेनची लोककथा, येवगेनी राचेव्ह यांची चित्रं असलेली. मुंबईच्या उकाड्यात वाढलेल्या पोराच्या डोक्यात हातमोज्याला जागाच नव्हती, म्हणून त्यानं तो पायात घातला. तेव्हा तुमच्या कागदावर 'फुलदाणी' लिहिलं असेल तरी 'बरणी', 'कुंडी', 'सुरई' हेही शब्द मनात असू द्या.

प्रत शोधायची तर अशी शोधा. इंटरनेट अर्काइव्हवर आणि अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर जुनी सोव्हिएत बालपुस्तकं स्कॅन करून मोफत ठेवलेली आहेत, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही. लेखकाचं नाव इंग्रजीत टाकताना 'वाय' घालून आणि न घालून अशा दोन्ही तऱ्हांनी टाका, कारण जुन्या पुस्तकांवर दोन्ही स्पेलिंग दिसतात. त्याहून सोपं म्हणजे रशियन लिपीतलं मूळ नाव विकिपीडियावरून उचलून जसंच्या तसं चित्रांच्या शोधात चिकटवा. निरनिराळ्या चित्रकारांनी काढलेल्या झेन्या समोर येतील. त्यातली तुमची कुठली, ते फ्रॉकवरून ठरवा. (लिहून ठेवलाय ना?) १९४८ सालचा या गोष्टीवरचा रशियन कार्टूनपटही आहे. तो मात्र सगळ्यात शेवटी बघा, नाहीतर सगळी चित्रं हलायला लागतील.

गावातल्या वाचनालयात विचारा, पण फार आशा ठेवू नका. बालविभागातली पुस्तकं सगळ्यात आधी फाटतात आणि सगळ्यात आधी बाद होतात. बाद झालेल्या पुस्तकाची नोंद मात्र जुन्या रजिस्टरात राहते. १९७५ ते ८० ची रजिस्टरं पाहू देता का, असं गोड बोलून विचारलंत तर एखादा ग्रंथपाल माळ्यावरून काढून देईलही. पुस्तक नाही मिळालं तरी त्या काळात गावात काय काय आलं होतं ते कळतं. मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात सगळं असतं असं लोक सांगतील. १९५४ च्या कायद्यानं भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत तिथं द्यावी लागते हे खरं, पण मॉस्कोत छापून आलेल्या पुस्तकाला तो कायदा लागू नव्हता. त्यामुळं तिथं हेलपाटा घालू नका.

हातात धरायलाच हवी असेल तर जुन्या पुस्तकांचे विक्रेते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत फोर्टच्या फूटपाथवर. आता या पुस्तकांमागं दर्दी लोक लागलेत आणि विक्रेत्यांनाही ते कळलंय, तेव्हा 'लहानपणची आठवण आहे हो' असं काउंटरवर म्हणू नका, भाव तिथंच चढतो. फोनवर व्यवहार असेल तर तीन फोटो मागवा: मुखपृष्ठ, मधलं जोडपान आणि शेवटचं पान. मधलं यासाठी की ही पातळ पुस्तकं दोन पिनांवर असतात आणि मधला कागद हमखास सुटून गेलेला असतो. नेमकी अस्वलं गायब. शेवटचं यासाठी की तिथं बारीक रशियन अक्षरांत लेखक, पुस्तकाचं मूळ नाव आणि कुठल्या भाषेतलं पुस्तक आहे ते छापलेलं असतं. मराठी पुस्तक असेल तर 'मराठी भाषेत' असं रशियनमध्ये. रशियन वाचता न येणाऱ्यालाही मोबाइलचा कॅमेरा ते वाचून दाखवतो. पुस्तकाचं नाव भाषांतरात काहीही झालेलं असो, या पानावर खोटं नसतं. आणि प्रकाशक म्हणून 'रादुगा' दिसलं तर ती तुमची प्रत नव्हे. रादुगा १९८२ साली प्रगतीतून वेगळं निघालं, तुमची गोष्ट त्याच्या आधीची आहे. घ्यायची तर जरूर घ्या, पण ती बाबांनी आणलेली आवृत्ती असं मानू नका.

(इतर वाचकांसाठी जाता जाता: तुमच्या गोष्टीत दोरीतले पाव नसतील आणि ती १९७१ नंतरची असेल, तर आधी 'किशोर' बघा. त्याचा पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा, आणि जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत. एका रविवारी बसलात तर दोन-तीन वर्षांचे अंक सहज चाळून होतात. मी हे अनेकांना सांगतो आणि बहुतेक जण दुसऱ्याच अंकात रमून शोधायचं विसरतात.)

राहिला बडोद्याचा फोन. हे उत्तर धाकटीला फॉरवर्ड करू नका, निदान आत्ता नको. 'बघ, मी म्हणत होते ना' या वाक्यानं दिवाळीचं भांडण होळीपर्यंत जाईल. शिवाय ते वाक्य पूर्ण खरंही नाही, कारण फुलदाणी तिची आहे आणि ती तुमच्या पत्रातल्या तुमच्या बाजूत कुठंच नव्हती. तुम्ही जसा कागद लिहिलात तसा तिलाही लिहायला सांगा, फोनवर न बोलता. दोन कागद समोरासमोर ठेवले की तुमच्या कागदावर पहिल्या दोन पाकळ्या विरळ असतील आणि तिच्या कागदावर ठसठशीत, असं मला वाटतं. मोठी मुलं शेवटाची वाट बघत ऐकतात, लहान मुलं सुरुवातीलाच पोटभर ऐकून झोपतात. बाबांनी गोष्टीची सुरुवात कशी केली, कुठली नावं बदलली, हे तुमच्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असण्याची शक्यता आहे.

कागद मागायला संकोच वाटत असेल तर फोन करून एकच गोष्ट विचारा. कुत्र्यानं सगळ्यात शेवटी खाल्लेलं ते छोटं गुलाबी कडं कुणाच्या वाटणीचं होतं? पुस्तकात ते पाव्लिकचं आहे. तुमच्या घरात पाव्लिक नव्हता, धाकटी होती. बाबांनी तिथं कुणाचं नाव घातलं ते तिला विचारा, तोवर ती जागी असायची.